ओलाव्याचा आकडा

विनितानं सही केली ती सोमवारी, साडेअकराचा चहा यायच्या आधी. वार मुद्दाम सांगायचा, कारण पुढे सगळं त्या वारावरच येऊन अडलं. तीच सही तिला बुधवारी करायला सांगितली असती, तर तिनं पेन मोडून टाकलं असतं. पण बुधवार सोमवारनंतर येतो, त्याला कोण काय करणार!

डिचोलीच्या बाजारामागे, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खनिज तपासायची एक छोटीशी लॅब होती. दोन खोल्या, माती वाळवायची एक भट्टी, काटा, आणि पत्र्याच्या ताटल्यांची चळत. विनिता तिथली केमिस्ट. माहेर पेडण्यातलं केरी, सासर डिचोली, वय चाळिशीच्या अलीकडे. जहाजात चढणाऱ्या मातीत लोखंड किती आणि पाणी किती, ते ती तपासून कागदावर लिहून देई, आणि तो कागद मुरगावहून जहाजाबरोबर चीनला जाई. आता गंमत बघा. माती तोलायचा काटा चीनचा, वाळवायची भट्टी चीनची, डोक्यावर करकरणारा पंखासुद्धा तिकडचाच. आपण द्यायची ती माती, आणि तिकडून यायचं ते बाकी सगळं. आणि मातीचा भाव कोणी ठरवायचा? तोही त्यांनीच.

ठरवणारच ते, कारण गिऱ्हाईक एकच. डिचोलीची माती हलक्या प्रतीची, शंभरात पंचावन्न-छप्पन लोखंड, बाकी धूळ. इतर कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. चीनचा व्यापारी तेवढा घेतो, आणि घेताना आपल्यावर उपकार केल्यासारखं तोंड करतो. इथून निघताना ओल नऊ टक्के लिहिली, की तिकडे पोचल्यावर ती साडेदहा निघालीच म्हणून समजा. आणि तिकडे निघेल तो आकडा शेवटचा, असं करारातच लिहिलेलं. पाण्याचे पैसे कोण देतो? जेवढी ओल जास्त, तेवढा दाम कमी.

मग डिचोलीच्या माणसांनीही आपली युक्ती काढली होती. ते कापणारच आहेत ना, मग आपण इथेच दीड-दोन टक्के कमी लिहायचे. बुधवारच्या बाजारात भाजीवाली नाही का, गिऱ्हाईक पाडून मागणार म्हणून आधीच चढवून सांगते, तसंच हे. याला कोणी लबाडी म्हणत नसे. याला 'सूट' म्हणत. विनितानं नोकरी धरली तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या केमिस्टनं तिला भट्टी कशी लावायची ते शिकवलं, काटा कसा पुसायचा ते शिकवलं, आणि सूट किती धरायची तेही त्याच दुपारी शिकवलं. खरा आकडा पेन्सिलीनं कच्च्या वहीत, सुटीचा आकडा शाईनं कागदावर. वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

या खेपेला मात्र कच्च्या वहीत आकडा पडला बारा पूर्णांक एक.

माल होता डोंगराआडच्या एका जुन्या ढिगाचा. खाणी बंद पडल्या, सुरू झाल्या, परत बंद पडल्या, आणि तो ढीग तसाच झाडझाडोरा अंगावर वागवत पडून राहिला. आता परवाने मिळाले तेव्हा यंत्रांनी तो वरपासून तळापर्यंत खरवडला. तळाला खाणीच्या खड्ड्यातलं पाणी इतकी वर्षं मुरत होतं. विनितानं दोनदा ताटल्या भट्टीत घातल्या, दोनदा तोलल्या. बारा पूर्णांक एक.

माल निर्यात करणारा कृष्णनाथ. डिचोलीत त्याला सगळे कृष्णनाथबाब म्हणत. माणूस वाईट नव्हे, उलट चांगलाच म्हणायचा. खाणी बंद होत्या तेव्हा विनिताचा नवरा सगुण घरी बसला, त्याचा ट्रक अंगणात गंजला, तेव्हा कृष्णनाथबाबानंच त्याला रेतीची कामं मिळवून दिली होती. आता पहिल्या खेपाही सगुणलाच दिल्या. लॅबचं निम्म्याहून जास्त काम त्याचंच. त्यानं फोनवर आकडा ऐकला आणि नुसता सुस्कारा सोडला.

"विनिता, बारा लिहिलंस तर ते पंधरा काढतील. मागच्या जहाजाला काय केलं बघितलंस ना? तेवढं नऊच्या घरात बसव. बाकी मी बघतो."

"बाब, अडीच टक्के सूट? जास्त होते."

"ते कापतात तेव्हा त्यांना जास्त वाटतं का? त्यांच्याशी असंच वागावं लागतं, बाये."

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, उगाच विनिताला भोळी ठरवण्यात अर्थ नाही. तिच्या कपाटात दुसराही एक कागद होता. ही माती जहाजावर न्यायची तर ओल किती चालेल, त्याची मर्यादा त्यावर होती: दहा पूर्णांक चार. ओली माती ढिगात शहाण्यासारखी बसते. पण जहाज दिवसरात्र थरथरतं, लाटेवर झुलतं. त्या हलण्यानं आतलं पाणी सुटतं, मातीचा चिखल होतो, तो एका कुशीला सरकतो, आणि एकदा सरकला की परत येत नाही. मग जहाजही त्या कुशीवरून उठत नाही. विनिताला हे ठाऊक होतं. तिनं स्वतःला एवढंच सांगितलं, की जहाजवाले आपलं आपण तपासून घेतात, आपला आकडा भावासाठी. असं सगळेच म्हणत आले होते. तिनं नऊ पूर्णांक सहा लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि चहा आला.

बुधवारी कृष्णनाथबाब स्वतः जिना चढून वर आला. हातात पेड्यांचा बॉक्स.

"घे, तोंड गोड कर. तुझ्या भावाचं नशीब उघडलं."

विनिताचा धाकटा भाऊ निहार. केरीच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये राबून झालं, मोपाच्या विमानतळावर सामान उचलून झालं. बोटीवर नोकरी लागेल म्हणून कोर्स करून सगळे कागद तयार ठेवलेले, पण बोट काही लागत नव्हती. शेवटी ताईच्या शब्दावर कृष्णनाथबाबानं त्याला जेटीवर नमुने काढायला ठेवलं होतं.

"मागच्या खेपेला त्यांनी तिकडे चौदा ओल काढली," कृष्णनाथबाब म्हणाला. "चौदा! आमचं तिथं बघायला कोण होतं? त्यांचीच लॅब, त्यांचाच काटा. या खेपेला आमचा माणूस जहाजातूनच जाणार. ते नमुना काढतील तेव्हा निहार बाजूला उभा. बघतो कसे चोरतात ते!"

विनिताच्या हातातला पेडा हातातच राहिला.

"बाब, दुसरा कोणी नाही का?"

"दुसऱ्या कोणाकडे बोटीचे कागद आहेत? आणि तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना," विनिता म्हणाली. पेडा तिनं बॉक्समध्ये परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती केरीला गेली. जाताना सगळ्या वाटेत तिनं मनात वाक्यं जुळवली होती. पण घरात पाऊल टाकलं आणि सगळी वाक्यं विरली. आई, यशोदा, सकाळपासून पोराची बॅग भरत होती. सोलं, सुके बांगडे, लोणच्याची बरणी, वर देवाचा अंगारा. शेजारच्या बायका येऊन बघून जात होत्या आणि आई प्रत्येकीला सांगत होती, "विनिताच्या सहीर चल्ता गे तां सगळा. तिणां कागद दिल्यार जहाज हालता." अभिमानानं तिचा चेहरा असा फुलला होता की विनिताला तिच्याकडे बघवेना.

निहारला तिनं माडांखाली गाठलं.

"नाय गेलंस तर नाय चलूचा?"

"पिशी झालंस काय ताय?" तो हसला. "आठ वर्सां बोटीची वाट बघलंय. आता बोट इली तर तू म्हणतंस जाव नको? काय तां कारण तरी सांग."

सांगायचं होतं ते एकच वाक्य. ते तोंडातून निघालं असतं तर निहार राहिला असता. पण मग तोंडातून निघालेलं वाक्य कृष्णनाथबाबापर्यंत जाणार, लॅबपर्यंत जाणार, सगुणच्या ट्रकपर्यंत जाणार. आणि शिवाय, तिनं स्वतःला समजावलं, अजून जहाजवाले तपासणार आहेतच. "काय नाय," ती म्हणाली, "काळजी वाटता, दुसरा काय!" लाज वाटली तिला स्वतःची, अगदी तिथल्या तिथे. तरी ती गप्प बसली.

शुक्रवारी निहार चढला. मुरगावच्या बाहेर, भर पाण्यात जहाज नांगर टाकून उभं होतं, आणि डिचोलीच्या जेटीवरून निघालेले मातीचे बार्ज मांडवीतून खाली येऊन एकामागून एक त्याच्या कुशीला लागत होते. निहार रोज फोन करी. जेवण चांगलं. खोलीला गोल जनेल, त्यातून समुद्र दिसतो. कॅप्टन चितगावचा, म्हातारा, पाच वेळा नमाज पढणारा, सगळ्यांना 'बेटा' म्हणणारा. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याच्या मुलीची दहावीची परीक्षा झाली होती, त्याला निकालाची धाकधूक. निहारला धरून तेवीस माणसं. विनिता प्रत्येक फोन स्पीकरवर टाकी, म्हणजे सगुणलाही ऐकू जाई, आणि तिला एकटीला ऐकावं लागत नसे.

सोमवारी दुपारी लॅबमध्ये फोन आला. निहार हसत होता.

"ताय, कॅप्टन आज पिसो झाल्यासारखो करी होतो! दुधाच्या पावडरीचो डबो घेतल्यान, अर्धो मातयेन भरल्यान, आणि लोखंडार आपटूक लागलो. धाड, धाड, धाड. पंचवीस फावटी! आणि मगे झाकण काढून बघता तर वर कशा झाला माहीत असा? आंबोळेच्या पिठासारख्या! असा लकलक करी होता. आमी सगळे हसलो. तो मात्र हसलो नाय."

विनिता खुर्चीतून उठली, परत बसली.

"मगे? काय म्हणालो तो?"

"काय म्हणतलो? तुझो कागद मागवन परत परत वाचल्यान. एजंटाक फोन केल्यान. एजंट म्हणालो, कागदार नऊ पूर्णांक सहा असा, वरचो थर दहिवरान भिजलोहा. मगे गप रवलो. उद्या सकाळी शेवटचो बार्ज, आणि दुपारी आमी सुटलो."

जहाजवाल्यांनी तपासलं होतं. आणि तपासून, समोर चिखल बघून, शेवटी तिच्याच कागदाकडे बघितलं होतं. ज्यांच्या भरवशावर तिनं सही केली, ते तिच्या सहीच्या भरवशावर निघाले होते.

तिनं त्याच क्षणी कृष्णनाथबाबाला फोन लावला. आवाज चढू नये म्हणून तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"बाब, जहाज थांबवा. बारा पूर्णांक एक आहे, मर्यादा दहा चार. वाटेत उलटेल ते. कॅप्टनच्या डब्यात चिखल झालाय."

कृष्णनाथबाब बोलू लागला, समजुतीनं, पाहुण्याला पानावर वाढल्यासारखा एकेक मुद्दा. जहाज थांबलं तर मुदत टळणार. मुदत टळली की तिकडचा व्यापारी करार मोडणार, तो टपूनच बसलाय, कारण भाव या आठवड्यात पडलाय. मोडलेला माल आपण कोणाला विकणार? दुसरं दार आहे का आपल्याला? आठ-दहा दिवसांत पाऊस लागून समुद्र बंद होणार, मग ऑक्टोबरपर्यंत माती तशीच. चाळीस ट्रक उभे. "सगुणचा धरून," तो म्हणाला. "आणि तुझी सही, विनिता. ती मागे घ्यायची म्हणजे तू खोटी सही केलीस असं तूच लिहून द्यायचं. मग तुला कोण ठेवील? बाराची जहाजं याआधी गेली नाहीत असं का वाटतं तुला? गेली, पोचली."

"सगळी पोचली?"

मग एकदम आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "निहारला उतरवूया का?"

आता या प्रश्नावर क्षणभर थांबायला हवं. माणूस जर जहाज पोचणार असं मानत असेल, तर असं विचारेल का? नाही विचारणार. म्हणजे त्यालाही माहीत होतं. आणि विनितालाही कळलं की त्याला माहीत आहे.

"हो," विनिता म्हणाली.

केवढा सहज निघाला तो 'हो'! आठवडाभर एक खरं वाक्य तोंडातून निघत नव्हतं, आणि हा एवढासा शब्द कसा पटकन बाहेर पडला. तिला हलकं वाटलं. हलकं वाटल्याबद्दल स्वतःचा संताप आला, पण हलकं वाटलं हे खरंच. बाकी बावीस माणसांचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी शेवटच्या बार्जबरोबर निहारला खाली आणलं. कॅप्टनला सांगितलं, पोराची आई अचानक सिरियस आहे. दुपारी जहाज नांगर उचलून दक्षिणेला निघालं.

निहारनं विनिताचा फोन उचलला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. सगुणनं बायकोकडे दोन दिवस बघितलं, आणि गुरुवारी सकाळी म्हणाला, "तुझं काय ते मला सांगू नकोस, पण ज्याला सांगायचंय त्याला जाऊन सांग. जेवत नाहीस, झोपत नाहीस, हे काय चाललंय?" तिनं रजा टाकली आणि केरीची बस पकडली.

पाव विकणारा पोदेर नुकताच सायकलवरून भोंगा वाजवत गेला होता. आई पडवीत त्याच्याकडचे उंडे टोपलीत भरत होती, धडधाकट, कमरेला पदर खोचून. निहार पायरीवर बसला होता. ताईला बघून त्याचा चढलेला पारा उतरलाच नाही.

"आई आजारी म्हणान माका उतरयल्यानी! धावत घरी येतंय, तर ही माडाची झावळां ओढता. कोणी केल्यान ह्या? कृष्णनाथबाब फोन घेना नाय. आठ वर्सां, ताय! आठ वर्सां थांबलंय मी. कोणाच्या डोळ्यात खुपला?"

"मी उतरयलंय तुका," विनिता म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. पायरीवर उभी राहूनच, चप्पल न काढता. बारा पूर्णांक एक, नऊ पूर्णांक सहा, दहा पूर्णांक चार. सोमवार, बुधवार, परत सोमवार. काही झाकलं नाही. सांगता सांगता ती रडायला लागली, पण थांबली नाही. आई टोपली हातात घेऊन ऐकत होती. तिला आकडे कळले नसतील, पण काय झालं ते कळलं. ती हळूच खाली बसली.

निहार ओरडेल असं विनिताला वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे माका काढलंस," तो म्हणाला, "आणि तेंका ठेवलंस."

"होय."

"बोसनाच्या चेडवाचो निकाल आज लागलोहा. मी फोनार बघलंय सकाळी. पास झालाहा." त्यानं खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. "हो कॅप्टनाचो नंबर. जहाजार नेट असा, मेसेज जाता. लिही. तुझ्या हातान लिही, आणि सही कर."

घरात कागद शोधायला वेळ गेला. शेवटी कॅलेंडरचं एक पान फाडलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर विनितानं लिहिलं: गेल्या आठवड्यात सोमवारी दिलेल्या प्रमाणपत्रातला ओलाव्याचा आकडा खोटा आहे. खरी ओल बारा पूर्णांक एक टक्का. माल मर्यादेच्या वर आहे. ताबडतोब जवळचं बंदर गाठावं. हेच खाली इंग्रजीत. तारीख, वेळ, सही. ती सोमवारच्या सहीसारखी दिसेना. निहारनं कागदाचा फोटो काढून पाठवला, आणि पाठोपाठ तिनं आपल्या फोनमध्ये काढून ठेवलेला कच्च्या वहीतल्या पेन्सिलीच्या पानाचा फोटोही पाठवला. आपली नोकरी गेली, हे तिला त्या क्षणी कळत होतं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. दोन दिवस आधी हे का नाही जमलं, एवढंच वाटलं.

वीसेक मिनिटांनी फोन वाजला. लांबलचक नंबर. निहारनं घेतला, दोन शब्द ऐकले आणि ताईच्या हातात दिला.

कॅप्टन मोडक्या हिंदीत बोलत होता. आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. मागे कसली तरी घंटा एकसारखी वाजत होती.

"मॅडम, हा कागद खरा की सोमवारचा?"

"हा."

"मला डब्यात दिसलं होतं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं समुद्रावर काढली, मला माती कळते. पण मालकाला डबा दाखवून जहाज थांबवता येत नाही. त्याला कागद लागतो. मंगळवारी हा कागद माझ्या हातात असता तर मी नांगर उचललाच नसता. कोणी मला काही करू शकलं नसतं."

विनितानं तोंडावर हात ठेवला. आई जवळ सरकून, तिच्या खांद्यावर हात ठेवून, कान देऊन उभी राहिली होती.

"आता कसं आहे?" विनितानं विचारलं.

"पहाटे चार अंश डावीकडे होतो, आता सात. कोचीच्या दिशेनं वळवायला बघतोय, पण वळताना लाट आडवी येते. बघू. अल्ला मालिक." मग आवाज एकदम मऊ झाला. "निहार बेटा पोचला ना वेळेवर? आईची तब्येत कशी आहे? आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी दुआ मागितली काल."

आईनं ते ऐकलं. विनिताच्या खांद्यावर होता तो हात तिनं काढून घेतला.

बरी आहे म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि त्या माणसाला तेवढंच बरं वाटलं असतं. विनिताच्या ओठांपर्यंत तो शब्द आलाही.

"आई आजारी नव्हती," ती म्हणाली. "तिला काही झालं नव्हतं."

घंटा वाजत राहिली. बारा पूर्णांक एक, नऊ पूर्णांक सहा, सोमवार, मंगळवार, पोराला घेऊन गेलेला बार्ज, हे सगळं तो तिकडे एकापुढे एक लावत असणार.

"म्हणजे तुम्हाला मंगळवारी माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"अच्छा."

कोणी तरी त्याला मागून हाक मारली. त्यानं त्यांच्या भाषेत काही तरी सांगितलं, घाईघाईनं. मग परत फोनवर आला. आता आवाजात मऊपणा नव्हता आणि रागही नव्हता, ऑफिसात बसलेल्या माणसासारखा झाला होता.

"आकडा परत सांगा, मॅडम. हळू. लॉगबुकात लिहायचाय."

"बारा पूर्णांक एक."

"तपासला कोणी?"

"मीच."

"आणि तुमचं पूर्ण नाव?"

निहार पायरीवरून उठून अंगणाच्या टोकाला गेला होता, समुद्राकडे तोंड करून. आई उंड्यांच्या टोपलीकडे बघत होती.

"विनिता सगुण मयेकर," ती म्हणाली.

त्यानं एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. मग, आता सगळ्यांना वर डेकवर बोलवायचंय, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.